घरात अंगावर खेळतो, दाराबाहेर काढला की कर्करतो: शुगर ग्लायडरला बाहेर नेताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

घरात चांगला माणसाळलाय. रात्री खांद्यावर बसतो, बोट चाटतो, बाहीत शिरतो. पण थैलीत घालून दाराबाहेर पाऊल टाकलं की आतून कर्कर सुरू. धीर द्यायला हात घातला तर चावा. घरी परत आणलं की दोन-तीन दिवस जवळ फिरकत नाही, मग हळूहळू पुन्हा येतो. आपल्याला वाटतं, आता जमलं. पुढच्या वेळी बाहेर काढला की तेच.

जळगावात शुगर ग्लायडर, म्हणजे खारीसारखा दिसणारा, रात्री जागणारा हा छोटा परदेशी प्राणी, पाळणारी घरं मोजकी आहेत, आणि ज्यांच्याशी माझं बोलणं होतं त्या जवळजवळ सगळ्यांची हीच तक्रार. माझ्याकडे हे वर्षभर चाललं. त्या वर्षात मी थैली बदलली, वेळ बदलली, खाऊ बदलला, पण मूळ चूक हाताला लागली नव्हती. ती अशी: तो आपल्यावर किती विश्वास टाकतो हे मी दिवसा मोजत होते. दिवसा हा प्राणी झोपलेला असतो. झोपेतला ग्लायडर खिशात चार तास गप्प राहतो, कारण खिसा उबदार आहे आणि अंधारा आहे. त्या गप्प राहण्याला मी लळा समजत होते.

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं सगळं का लिहिते आहे ते कळेल. माझ्या लेखी ग्लायडरला बाहेर नेणं म्हणजे मेहरूण तलावावर मिरवणं नव्हे. आपल्याकडे गाई-म्हशींचे, कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर मिळतात. पण शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाच्या, पोटाला पिशवी असणाऱ्या परदेशी प्राण्याला भूल देणारा, त्याचे दात तपासणारा डॉक्टर गाठायचा तर मला नाशिकला जावं लागलं, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ज्याला शांतपणे गाडीत बसवता येत नाही, त्याच्या आजारपणात आपण काहीच करू शकत नाही. म्हणून बाहेर नेण्याची सवय हवी, आणि ती तब्येत ठणठणीत असताना लावायला हवी.

हा प्राणी वासावर चालतो

माझी पहिली ग्लायडर चिंगी घरी आली तेव्हा सासूबाईंनी चष्मा वर करून विचारलं, "हाई काय शे वं? खार शे का?" दिसायला खारच. पण खारीशी तिचं काही नातं नाही. ग्लायडर ऑस्ट्रेलियाचा आणि न्यू गिनीचा. कांगारूसारखा तोही पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवतो. पिल्लू सोळा-सतरा दिवसांच्या गर्भानंतर दाण्याएवढं जन्मतं आणि पुढचे सत्तर दिवस आईच्या पिशवीत राहतं. आपल्या सातपुड्यात जी उडणारी खार आहे ती वेगळी. ती आपल्या जंगलाची, कायद्याने संरक्षित, आणि तिला घरात ठेवणं गुन्हा आहे. कोणी तुम्हाला 'हीच ती' म्हणून दाखवत असेल तर घेऊ नका.

रानात ग्लायडर झाडाच्या ढोलीत टोळीने राहतात. टोळीतला मोठा नर आपल्या डोक्यावरच्या आणि छातीवरच्या ग्रंथींचा वास बाकीच्यांच्या अंगाला घासून लावतो. नराच्या टाळूवर जो टकलासारखा डाग दिसतो, ती हीच ग्रंथी. ज्याच्या अंगाला टोळीचा वास तो आपला, ज्याला नाही तो परका. तुम्ही त्याच्याशी किती गोड बोलता, कोणत्या नावाने हाक मारता, हे त्याच्या दृष्टीने नंतरचं. तुम्ही टोळीचे आहात की नाही हे तो नाकाने ठरवतो.

यातूनच वर सांगितलेल्या अडचणीचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण निघतं. आपण बाहेर जायच्या आदल्या दिवशी थैली धुतो. पाहुण्यांकडे, डॉक्टरांकडे जायचं, थैलीला वास येतो, म्हणून साबणात बुडवून, घासून, उन्हात वाळवून तयार ठेवतो. वर आपणही आंघोळ करून, पावडर लावून, ठेवणीतला ड्रेस घालून निघतो. म्हणजे ज्या दिवशी त्याला ओळखीच्या वासाची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच दिवशी घराचा सगळा वास आपण पुसून टाकलेला असतो. बाहेर प्रकाश परका, आवाज परका, हलणं परकं, आणि आत थैलीही परकी. मग तो कर्करणार नाही तर काय करील?

माझ्याकडे आता तीन थैल्या आहेत. एक पिंजऱ्यात झोपायला, एक धुण्यात, आणि तिसरी निदान चार दिवस पिंजऱ्यात टांगून त्यांच्या वासाने भरलेली. बाहेर जाताना ही तिसरीच घ्यायची. ती कधीच ताजी धुतलेली नसते. शिवाय आदल्या तीन रात्री मी घातलेल्या सुती ओढणीचा हातभर तुकडा आत असतो. धुताना वासाचा साबण वापरत नाही, साधं गरम पाणी आणि किंचित बिनवासाची पावडर पुरते. थैलीचं कापड फ्लीसचं, शिवण आतून झाकलेली. टर्किश टॉवेलचा तुकडा चुकूनही घालू नका. त्याच्या फासांत नख अडकतं आणि सुटायच्या धडपडीत बोट पिळवटून निघतं. चिंगीचं मागच्या पायाचं नख एकदा शिवणीतून सुटलेल्या एका दोऱ्यात गुंतलं होतं. केसाएवढा दोरा, पण बोटाला दोन वेढे बसले होते. ती ओढत होती आणि वेढा आवळत होता. नखं कापायच्या छोट्या कात्रीने तो दोरा कापला तेव्हा बोटाचं टोक जांभळं पडलेलं. तेव्हापासून थैली घेण्याआधी ती उलटी करून, बोट फिरवून, एकूण एक शिवण बघते.

विश्वास मोजायचा तो रात्री नऊनंतर

दुकानात सांगतात, "खिशात ठेवा, आठ दिवसांत हातावर येतो." मलाही तसंच सांगितलं होतं. खिशात ठेवण्याचा फायदा नक्की आहे, त्याला तुमच्या अंगाचा वास आणि छातीची धडधड सवयीची होते. पण तो अर्धाच भाग. उरलेला अर्धा जागेपणी होतो, आणि त्याला आठ दिवस नाही, काही आठवडे ते काही महिने लागतात. कोवळ्या वयात आणलेला लवकर येतो, हात बदलत आलेला उशिरा. फार लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू तर घेऊच नये. पिशवीतून बाहेर आल्यावर निदान आठ ते बारा आठवडे आईजवळ राहिलेलं असावं.

जागेपणीच्या ओळखीसाठी परदेशात छोटा तंबू वापरतात. आपल्याकडे त्याला उत्तम पर्याय घरोघरी पडलेला आहे: घडीची, खाली तळ असलेली, चेनची मच्छरदाणी. फक्त आतून जुनी पातळ चादर लावून घ्या, कारण जाळीच्या भोकांतही नख अडकतं. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी बाथरूम वापरायला हरकत नाही. पण आधी बादल्या पालथ्या करा, कमोडचं झाकण लावा आणि मोरीच्या जाळीवर विटेचा तुकडा ठेवा. अर्ध्या बादली पाण्यात ग्लायडर बुडून मरतो. बादलीच्या गुळगुळीत कडेला त्याला पकड मिळत नाही.

रात्री साडेनऊला दिवा मंद करून आत बसायचं, चाळीस मिनिटं. काही करायचं नाही, हेच अवघड आहे. पहिल्या काही रात्री तो कोपऱ्यात राहील, मग पाठीवरून धावत जाईल, मग डोक्यावर बसून केस हुंगेल. त्याला पकडायचं नाही. हात वरून खाली न्यायचा नाही, कारण त्याच्या रानात वरून येतं ते घुबड. तळहात उघडा ठेवून, खालून किंवा बाजूने, जमिनीवर टेकवून ठेवायचा. त्यावर मध किंचित कालवलेलं साधं दही चमच्याच्या टोकाला. बोटाला लावू नका. बोटाला गोड लागतं हे एकदा कळलं की तो बोटच चाखून बघतो.

हाताच्या वासाबद्दल खान्देशातल्या घरात विशेष सांगावं लागतं. दुपारी ठेचा कुटलेला असतो, लसूण सोललेला असतो, वांगं भाजून सोललेलं असतं. रात्रीपर्यंत तो तिखटपणा कातडीत राहतो. दही देताना त्याने ते बोट चाटलं तर त्याच्या जिभेला आणि डोळ्याला आग होते, आणि तो हात लक्षात ठेवतो. ग्लायडरजवळ जायचं त्या दिवशी मी ठेचा दुसऱ्याला कुटायला सांगते, हे आता घरात ठरून गेलंय. हात बिनवासाच्या साबणाने, आधी आणि नंतरही धुवायचे. नंतरचे आपल्यासाठी.

बाहेर न्यायला तो तयार आहे की नाही याची माझी कसोटी एकच आहे. पूर्ण जागा असताना, मंद उजेडात, तो आपणहून अंगावर येतो का, आणि काहीतरी दचकवणारं झालं, भांडं पडलं, कुकरची शिट्टी झाली, तर तो पळून कुठे जातो? पडद्यावर चढतो की तुमच्याकडे, तुमच्या गळ्यातल्या थैलीकडे येतो? पडद्यावर जात असेल तर अजून वेळ आहे, मग तो दिवसभर खिशात कितीही गाढ झोपत असो. सलग पाच-सहा रात्री तो थैलीकडे आला, की बाहेरचा विचार करायचा. चिंगीला इथवर यायला साडेतीन महिने लागले. माझ्याकडच्या नराला, भुऱ्याला, पाच.

थैलीतून उडी मारली तर

ही चूक माझ्याकडून झाली आहे, आणि तिच्यावरच मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

डिसेंबरात असोद्याकडच्या दिरांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. चिंगी तेव्हा घरात इतकी छान वागत होती की मी तिला गळ्यातल्या थैलीत घेऊन गेले. थैलीला चेन होती, पण तिला हवा मिळावी म्हणून मी दोन बोटं उघडी ठेवली होती. अंधार पडायला, म्हणजे तिची जागं व्हायची वेळ व्हायला, आणि तुरकाठ्यांची आग पेटायला एकच गाठ पडली. धूर आला, वांगी फुटायला लागली, मुलं ओरडली. मला छातीशी एक धक्का जाणवला. खाली बघितलं तर चेन चार बोटं सरकलेली आणि थैली रिकामी. ती माझ्या खांद्यावरून कडुलिंबाच्या खोडावर गेली होती आणि तिथून वर.

पहिली गोष्ट मी बरोबर केली ती निव्वळ घाबरून जागच्या जागी थिजले म्हणून. दीर म्हणाले, "वहिनी, शिडी आणू का?" मी म्हटलं, "नको भाऊजी, कोणी झाडाजवळ येऊ नका." शिडी लावली असती, फांद्या हलवल्या असत्या, बॅटरीचे झोत मारले असते, तर ती वरून झेप घेऊन शेजारच्या बांधावर गेली असती. ग्लायडरची पुढच्या पायाच्या करंगळीपासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत ताणली जाणारी कातडीची झालर असते. उंच झाडावरून तो एका झेपेत पन्नास मीटरपर्यंत जाऊ शकतो. केळीच्या बागेत एकदा गेला की संपलं.

मग असं केलं. आग विझवली. कुत्रा बांधला. माणसं घरात पाठवली. नवरा घरी जाऊन भुऱ्याला त्याच्या पिंजऱ्यासकट घेऊन आला. तेव्हा दोघांचे पिंजरे शेजारी शेजारी असत, म्हणजे ते एकमेकांच्या वासाला, आवाजाला ओळखत होते. पिंजरा झाडाखाली ठेवला, वर चिंगीची रोजची झोपायची थैली टांगली, तोंड उघडं. मी बुंध्याला पाठ टेकून अंगावर शाल घेऊन बसले. टॉर्चवर लाल पतंगाचा कागद रबराने लावला होता, तेवढाच उजेड. भुऱ्या तासाभराने भुंकायला लागला. ग्लायडर भुंकतो, लहान कुत्र्याच्या पिल्लासारखा, तुटक, थांबून थांबून. चौथ्या-पाचव्या वेळी वरून उत्तर आलं. तरी ती लगेच उतरली नाही. रात्री पावणेबाराला माझ्या केसांत काहीतरी पडलं, तिथून खांद्यावर, दंडावरून खाली, आणि ती स्वतःहून तिच्या जुन्या थैलीत शिरली. मी चेन लावली, पूर्ण लावली, आणि मग मला रडू आलं.

तिचं अंग थंडगार होतं. डिसेंबरात आपल्याकडे रात्री चांगलाच गारठा पडतो, आणि थंडी आणि उपास एकत्र आले की ग्लायडरचं शरीर जवळजवळ झोपी जातं: श्वास मंद, अंग ताठ, हलवलं तरी प्रतिसाद कमी. बघणाऱ्याला मेला असं वाटतं. अशा वेळी शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर धरू नका. अंगाशी, कपड्याच्या आत धरून आपल्या उबेने हळूहळू ऊब द्या, आणि नीट हालचाल करेपर्यंत तोंडात काही घालू नका.

या प्रसंगातून मी तीन नियम धरले आणि ते आजवर मोडलेले नाहीत. बाहेर असताना चेन कधीच उघडायची नाही. हवा थैलीच्या जाळीच्या खिडकीतून मिळाली पाहिजे, आणि ती जाळी बारीक, नख न अडकणारी हवी. अंधार पडल्यावर उघड्यावर थांबायचं नाही, परत निघायचं ते उजेडीच. आणि आगीजवळ, डीजेजवळ, फटाक्यांजवळ न्यायचंच नाही, लळा कितीही असो. गळ्यात पट्टा किंवा दोरी बांधून मोकळं सोडण्याबद्दल लोक विचारतात. त्या विरुद्ध मी ठाम आहे. दोरी त्या झालरीला कापते, आणि एवढ्याशा अंगातून ते पट्ट्यातून सहज निसटतात. आपल्याकडे आकाशात घारी आणि भिंतीवर बोके आहेत.

उंबरा, जिना, स्कूटर

त्या पार्टीनंतर मी पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात केली. खरी दुरुस्ती इथे झाली, आणि ती कंटाळवाणी आहे. पहिला आठवडा फक्त इतकंच: संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला, अर्धवट झोपेत असताना, थैली गळ्यात घालून, चेन लावून, दारात उभं राहायचं. दार उघडं. पाच मिनिटं. आत यायचं आणि चमचाभर खाऊ. दुसऱ्या आठवड्यात जिन्याच्या पायरीवर बसायचं. मग अंगणात. मग बंद स्कूटरवर बसायचं, मग स्कूटर नुसती चालू करून ठेवायची, जागची न हलवता. मग गल्लीच्या टोकापर्यंत.

कर्कर सुरू झाली की काय करायचं, हा प्रश्न इथेच येतो. बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एक, घाबरून लगेच घरात पळतात. दुसरी, थैलीत हात घालून थोपटतात. मी करते ते असं: जागीच थांबते, थैलीवर बाहेरून तळहात सपाट ठेवते, दाबत नाही, आणि तो गप्प होईपर्यंत हलत नाही. गप्प झाला, अर्धा मिनिट गेलं, की मग आत. पाच मिनिटांत थांबलाच नाही तर मात्र समजायचं की पायरी मोठी झाली. दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे.

त्या आवाजाचा अर्थ भीती असा आहे. तो तुम्हाला शिक्षा करत नाहीये, तुमच्यावर रुसलाही नाहीये. पण भीतीत हात आत आला तर तो चावणारच, आणि आपण हात झटकन मागे घेतला तर चावल्यावर हात जातो हे तो शिकतो. दर फेरीला हा धडा पक्का होत जातो. म्हणून आधीच हात आत घालू नका. घरी परतल्यावरही थैलीतून ओढून काढू नका. थैली पिंजऱ्यात टांगून, चेन उघडून निघून जा. तो त्याच्या वेळेला बाहेर येईल. आमच्याकडचा दोन-तीन दिवसांचा अबोला नुसत्या या एका बदलाने एका रात्रीवर आला.

एकटा ग्लायडर असेल तर हे सगळं दुप्पट अवघड जातं. तो टोळीचा प्राणी आहे, आणि तुम्ही दिवसाचे आठ तास नोकरीवर, रात्री झोपेत. एकट्याला न्यायची थैली म्हणजे त्याच्यासाठी एकटेपणातून आणखी परक्या ठिकाणी जाणं. दोघं एका थैलीत असली की एकमेकांच्या अंगाखाली तोंड खुपसून निम्मी भीती आपसांत जिरवतात. चिंगी सहा महिने एकटी होती, तो काळ आठवला की मला अजूनही वाईट वाटतं. जोडी आणाल तर नराची नसबंदी आधी, एकत्र ठेवणं नंतर, आणि मधे डॉक्टर सांगतील तितके आठवडे थांबा.

उन्हाळ्यात नाही

ग्लायडरला साधारण 24 ते 27 अंश तापमान मानवतं. तीस-बत्तीसच्या पुढे त्याला त्रास व्हायला लागतो. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 अंशांच्या घरात असतो. त्यात फ्लीसच्या थैलीत, आपल्या घामेजल्या छातीशी, बाहेर नेणं म्हणजे त्याला भाजणं. एप्रिल ते जून मी त्यांना दिवसा घराबाहेर काढत नाही. डॉक्टरकडे जावंच लागलं तर पहाटे चारला निघून, गाडी आधी थंड करून. बंद उभ्या गाडीत पाच मिनिटंसुद्धा ठेवायचं नाही. घरात कूलर चालतो तेव्हा वाऱ्याचा झोत पिंजऱ्यावर नको. वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून टेकवून ठेवते, आणि ती दोघं आपणहून त्या बाजूला सरकतात. उताणा पडून, हातपाय पसरून, धापा टाकत असेल तर थंड पाण्यात बुडवू नका. तळपायांना आणि कानांना ओलं बोट लावा, सावलीत हवा द्या आणि डॉक्टरांना फोन लावा.

एकाएकी बिघडलं असेल तर

हळूहळू न जमणं वेगळं. महिनोन्महिने अंगावर खेळणारा अचानक चावायला लागला, थैलीत जायला नकार द्यायला लागला, तर लळ्याचा विचार बाजूला ठेवून आधी दुखणं शोधा. मागचे पाय ओढतो का, पकड सैल झाली का, उडी चुकते का, हे बघा. आहारात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त झालं की हाडं ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. आपल्याकडे हे केळ्याने होताना मी बघितलंय. केळीच्या पट्ट्यात राहतो, घरात घड टांगलेला असतो, तो आवडीने खातो, म्हणून लळा लावायला रोज केळं दिलं जातं. केळ्यात कॅल्शियम फार थोडं. आठवड्यात नखाएवढी चकती ठीक. त्यापेक्षा आमच्या शेताच्या बांधावरच्या, फवारणी न झालेल्या बाभळीचा हरभऱ्याएवढा डिंक मी डॉक्टरांना विचारून देते. रानातही तो बाभळीच्याच गोतातल्या झाडांची साल कोरून डिंक खातो, आणि भुऱ्या तो खडा दोन हातांत धरून अर्धा तास खरवडत बसतो.

लघवी करताना कण्हणं, शेपटीच्या मुळाशी केस जाणं, स्वतःचाच पाय किंवा शेपूट कुरतडणं, ही सगळी लक्षणं त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायची. स्वतःला कुरतडणारा ग्लायडर रात्रभरात मोठी जखम करून घेतो.

फेब्रुवारीत भुऱ्याला नसबंदीसाठी नाशिकला नेलं. पहाटे साडेपाचला निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे, तिथून आग्रा रोडने मालेगाव. गाडीत थैली गळ्यात ठेवली नव्हती. करकचून ब्रेक लागला तर तो माझ्या छातीत आणि पट्ट्यात चेपला गेला असता. थैली छोट्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात, पिंजरा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला, वर माझी ओढणी. पाण्याची बाटली हिंदकळून थैली ओली करते, म्हणून पाण्याऐवजी काकडीच्या दोन चकत्या. धुळ्यापर्यंत आवाज नाही. मालेगावच्या पुढे एक ट्रक खेटून हॉर्न वाजवत गेला आणि मागून कर्कर सुरू झाली. मी मागे वळून ओढणीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला. राहूड घाट चढेपर्यंत तो थांबला होता. चांदवडला चहाला थांबलो तेव्हा खिडक्या बंद ठेवून ओढणीचं टोक उचलून बघितलं. काकडीची एक चकती कडेने कुरतडलेली होती आणि भुऱ्या थैलीत शेपूट नाकावर घेऊन झोपला होता.